शब्दांचा रोजमेळ
घटकाभराच्या सामूहिक लेखन-बैठकीविषयी थोडेसे

आपल्या समाजातील बहुतेक घरांत व्यापाराची परंपरा दोन-तीन पिढ्यांची तरी आहे. नांदेडच्या कापड दुकानात असो वा लातूरच्या आडतीवर, दुकान वाढविण्यापूर्वी रोजमेळ लिहिण्याचा परिपाठ आपल्या वडीलधाऱ्यांनी सहसा मोडला नाही. घरात लग्नकार्य असो की आजारपण, गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज दिवस संपला, असे ते मानीत नसत. अशा शिस्तीच्या घरांत जुन्या वह्यांचे लाल बासनातले गठ्ठे आजही माळ्यावर सापडतात. त्यात कोणाला किती उधार दिले, सरकीचा भाव काय होता, हमाली किती पडली, हे सारे आढळते. मात्र ज्या माणसांनी हे व्यवहार केले, ती कोणत्या गावाहून आली, पहिल्या दिवसांत त्यांनी काय सोसले, कोणी त्यांना ओसरी दिली, याविषयी चार पानेही कोठे सापडत नाहीत. पैशाचा रोजमेळ नेमाने लिहिणाऱ्या आपल्या घरांनी आयुष्याचा रोजमेळ लिहिला नाही.

ही उणीव केवळ कौटुंबिक नाही. मराठवाड्याचा अलीकडचा इतिहास बराचसा माणसांच्या आठवणीतच राहिला आहे. निजामाच्या राज्यात हाली आणि कलदार अशी दोन नाणी चालत आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब व्यापाऱ्याच्या तोंडावर असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्या दिवशी जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली व हजारो माणसे दगावली. त्या वेळी मदतीच्या गाड्या घेऊन गेलेले तरुण आज साठी ओलांडून गेले आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले. त्या उन्हाळ्यात आपल्या घरांत पाण्याचा वापर कसा होत होता, हे त्या घरांतील स्त्रियांखेरीज कोण सांगणार? एक माणूस गेला की या नोंदींची एक संपूर्ण वही जाते आणि तिची नक्कल कोठेही नसते.

यावर बहुतेक ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते: “लिहायचे तर आहेच, एकदा निवांत बसले पाहिजे.” हे निवांतपण निवृत्तीनंतर येईल अशी अपेक्षा असते. निवृत्ती येते, वेळही मिळतो, पण लेखन होत नाही. सकाळचे देवदर्शन, वर्तमानपत्र, नातवंडांची शाळा, दुपारची वामकुक्षी यांत दिवस कसा सरतो ते कळत नाही. ‘जितका वेळ उपलब्ध असेल तितके काम पसरत जाते’, असे निरीक्षण सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज अभ्यासकाने १९५५ साली मांडले होते. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ते वेगळे पटवून द्यावे लागत नाही. ग्राहकांची वेळ संपली की रोखपालाचा ताळा लागलाच पाहिजे, म्हणून तो लागतो. ज्या कामाला बंद होण्याची वेळ नसते, ते उद्यावर जाते. आठवणी लिहिण्याच्या कामाला अशी वेळ कोणीच नेमून दिलेली नसते, आणि तेथेच सारे अडते.

या अडचणीवर एक साधा उपाय आहे. चार-पाच जणांनी ठरावीक वेळी एकत्र बसावे, घड्याळ लावून थोडाच वेळ लिहावे आणि उठावे. या उपायामागे आपल्याकडचा आणि बाहेरचा बराच अनुभव उभा आहे.

धुळे आणि नाशिक येथील दोन उदाहरणे

मराठी वाचकाला याचे उत्तम उदाहरण तुरुंगात सापडते. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दर रविवारी साथी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. २१ फेब्रुवारीला आरंभ झाला आणि १९ जूनला समाप्ती. मधले रविवार मोजले तर ते बरोबर अठरा भरतात. म्हणजे एकही रविवार चुकलेला नाही. समोर बसून साने गुरुजींनी ही प्रवचने उतरवून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक सिद्ध झाले. या घटनेकडे लेखनाच्या दृष्टीने पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. वार ठरलेला होता, त्या वारी ऐकणारी माणसे येऊन बसत होती आणि एका वेळी एकच अध्याय घ्यायचा, अशी कामाची मर्यादा आखलेली होती. संपूर्ण गीतेवर ग्रंथ लिहावयाचा, असा भार एका दिवसावर कधीच पडला नाही.

दुसरे उदाहरण स्वतः साने गुरुजींचे. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिण्यास घेतले ते ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, आणि १३ फेब्रुवारीस ते लेखन संपविले. अवघ्या पाच दिवसांच्या या वेगाने आपण थक्क होतो. सर्वांना तो वेग साधणार नाही आणि साधण्याची गरजही नाही. मात्र त्या पुस्तकाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. आश्रमातील मंडळी रात्री प्रार्थनेनंतर एकत्र येतात, श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो, आठवण संपते आणि मंडळी उठतात. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. आईचे संपूर्ण चरित्र सांगण्याचे ओझे श्यामने एका रात्रीत घेतले नाही. प्रत्येक रात्रीला एकच प्रसंग दिला. ज्यांना आपल्या आईविषयी, आजोबांविषयी, गावाविषयी लिहावयाचे आहे, त्यांनी ही रीत उचलावी. आज एक प्रसंग, पुढच्या बैठकीला दुसरा. पंचवीस-तीस प्रसंग झाले की त्यांचा क्रम नंतर लावता येतो.

घटिकेचे माप

आता घड्याळाविषयी. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला तो लिहिण्यास बसे आणि त्यानंतर दिवसाच्या कामाला लागे. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, असे माप त्याने स्वतःला घालून घेतले होते. नोकरीची बरीच वर्षे सांभाळून त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा सारा हिशेब आहे. तो वाचून तेव्हाचे काही रसिक नाराज झाले. साहित्यिकाने कारकुनासारखे शब्द मोजावेत, हे त्यांना रुचले नाही. आयुष्यभर नोंदी करीत आलेल्या आपणांस मात्र ते आपल्याच घरातले वाटावे.

अलीकडच्या काळात फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात मन लागावे म्हणून स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा, ही त्याची पद्धत ‘पोमोडोरो’ या नावाने जगभर पसरली. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. आपल्या मुलामुलींच्या मोबाइलमध्ये हे साधन आज सहज सापडेल.

वाचकांच्या ध्यानात एक गंमत आलीच असेल. आपली जुनी घटिका चोवीस मिनिटांची आणि दिवसाच्या साठ घटिका. तांब्याची बारीक छिद्राची वाटी पाण्यावर तरंगत सोडावी, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त याच घटिकापात्रावर पाहात. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, आणि तेवढाच आपल्या सामायिकाचा काळ. स्थानकात वाळूची घडी उलटी करून सामायिक घेणारी आजी आपण साऱ्यांनी पाहिलेली आहे. सामायिक हे समभावाचे व्रत आहे, त्याला लेखनाच्या कामाला जुंपावे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ठरावीक काळ एका आसनावर, मौन राखून, इतरांच्या सोबतीने बसण्याची सवय आपल्या घरांना नवी नाही. इटलीतील विद्यार्थ्याने जे माप टोमॅटोवर शोधले, ते एका मिनिटाच्या फरकाने आपल्या घटिकेत आधीपासूनच आहे.

हा काळ इतका लहान का असावा? एक तर चोवीस मिनिटांना कोणी नाही म्हणत नाही. गुडघे धरलेला माणूसही तेवढा वेळ बसू शकतो, आणि दुपारच्या कामातून गृहिणीही तेवढा वेळ काढू शकते. दुसरे असे की, वेळ थोडा असला की पहिल्याच वाक्यावर घुटमळण्याची चैन परवडत नाही. ‘सुरुवात कशी करावी’ या प्रश्नात जी वही महिनोन्‌महिने कोरी राहते, ती घड्याळ सुरू झाले की भरू लागते. विद्यापीठांतील अध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास करणारे रॉबर्ट बॉइस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ याच निष्कर्षाला आले होते: मोठ्या सवडीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा रोज थोडे लिहिणाऱ्यांच्या हातून अधिक लेखन होते.

बाजारपेठेतील मंडळींना हे पिग्मीच्या भाषेत अधिक लवकर कळेल. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. तिचा प्रतिनिधी रोज दारात येई आणि दोन आणे इतकी लहान रक्कमही घेऊन जाई. दोन आण्यांनी कोणाचे काही अडत नसे, आणि काही वर्षांनी त्यातून घरातले एखादे कार्य पार पडे. लेखनाचा हिशेब असाच मांडून पाहू. एका घटिकेत हाताने सावकाश दोनशे शब्द झाले असे धरा. आठवड्यातून पाच दिवस, वर्षातील पन्नास आठवडे, म्हणजे पन्नास हजार शब्द. छापील पानावर अडीचशे शब्द धरले तर हे दोनशे पानांचे पुस्तक झाले. रोजची गुंतवणूक मात्र अर्ध्या तासापेक्षाही कमी.

सोबत कशासाठी?

पिग्मीच्या योजनेत दारात येणाऱ्या प्रतिनिधीचे महत्त्व फार मोठे होते. तो आला म्हणून पैसे बाजूला निघत. लेखनात हेच काम सोबतीची माणसे करतात. एकट्याने ठरविलेली वेळ एकट्यालाच मोडता येते. चार वाजता तिघे आपली वाट पाहात बसले आहेत, हे ठाऊक असले की पाय आपोआप निघतात.

पश्चिमेकडे या गोष्टीचा अनुभव अनेकांनी घेतला. पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना मांडली; दहा मिनिटे न थांबता, न खोडता लिहावे, हा त्यांचा आग्रह होता. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एकवीस जणांनी एका महिन्यात प्रत्येकी पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा संकल्प केला. ‘नॅनोरायमो’ या नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला, आणि घड्याळ लावून सर्वांनी एकाच वेळी झपाट्याने लिहिण्याची पद्धत त्यातून लोकप्रिय झाली. ती संस्था २०२५ मध्ये बंद होत असल्याचे जाहीर झाले, पण पद्धत राहिली. त्याच शहरात २००७ मध्ये ‘शट अप अँड राईट’ नावाच्या बैठका सुरू झाल्या. नावाचा अर्थ सरळ आहे: गप्प बसा आणि लिहा. अनोळखी माणसे चहा-कॉफीच्या दुकानात जमतात, ठरलेला वेळ मुकाट्याने लिहितात आणि घरी जातात. कोणी कोणाचे लेखन तपासत नाही.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. लातूरच्या कोणत्याही शिकवणीच्या भागात फेरी मारावी. गल्लोगल्ली अभ्यासिका दिसतात. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे, अशी मुलेही पैसे भरून तेथे जाऊन बसतात. टेबल, दिवा आणि पंखा घरीही असतो. घरी नसतो तो शेजारी मान खाली घालून बसलेला दुसरा विद्यार्थी. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जो महाराष्ट्रभर गाजला, त्यातही वेळ लावून पुनःपुन्हा सोडविलेल्या सराव प्रश्नपत्रिकांचा वाटा मोठा होता. सतरा वर्षांच्या नातवाला आपण ज्या शिस्तीसाठी घरापासून दूर लातूरला पाठवितो, तिचा लहानसा अंश सत्तरीच्या आजोबांनी स्वतःसाठी का घेऊ नये?

मराठवाड्यात बोलणारे थोर होऊन गेले, आणि त्यांचे बोलणे टिकले ते कोणीतरी कागदावर आणले म्हणून. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९३२ साली जन्मले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी गेले. त्यांना आयुष्याची पन्नास वर्षेही पुरी लाभली नाहीत. त्यांच्या लेखनाबरोबरच त्यांच्या अनेक व्याख्यानांचीही पुस्तके झाली, म्हणून आजचा तरुण त्यांना वाचू शकतो. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास ग्रंथरूपाने लिहून ठेवला, त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनीही आपल्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. मोठ्यांनी मोठ्या घटना नोंदविल्या. त्याच काळात आपल्या गल्लीत काय घडत होते, रझाकारांच्या भीतीने कोणते कुटुंब कोणत्या गावी गेले, परतल्यावर दुकानाचे कुलूप कोणी सांभाळलेले आढळले, हे लिहिण्याचे काम ज्याच्या त्याच्या घराकडे उरले आहे.

बैठक कशी भरवावी

नांदेडमध्ये आम्ही काही निवृत्त मंडळी आठवड्यातून दोनदा अशी बैठक भरवितो. त्या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात.

माणसे चार ते सहा असावीत. त्याहून कमी असली तर एकाच्या गैरहजेरीने बैठक बारगळते, आणि अधिक झाली तर तिची सभा होते. वार आणि वेळ ठरवून टाकावी व ती सहसा बदलू नये. जो येईल त्याच्यासह वेळेवर आरंभ करावा. उशिरा येणाऱ्याने मुकाट्याने आपल्या जागी बसावे. चहा आधी ठेवू नये. आधी चहा झाला की गप्पा सुरू होतात आणि बाजारभावावरून गोष्ट थेट राजकारणावर जाते.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि वेळेसाठी साधे गजराचे घड्याळ वापरावे. आरंभी प्रत्येकाने आज काय लिहिणार ते एका वाक्यात सांगावे. विषय जितका लहान तितका बरा. ‘माझे बालपण’ या विषयावर माणूस अडून बसतो. ‘आमच्या घरातील पाण्याचा रांजण’ म्हटले की हात चालू लागतो. मीटरगेजच्या गाडीने आलेले वऱ्हाड, बार्शी लाइटचा संथ प्रवास, उस्मानशाही मिलचा भोंगा, आईच्या हातच्या पापड-कुरडयांचे वाळवण, पहिल्या दुकानाचे भाडे, चातुर्मासात गावी आलेल्या साधू-साध्वींच्या विहाराला केलेली सोबत, असे विषय कोणालाही सुचतील.

मग चोवीस मिनिटे लिहावे. खोडू नये, मागे जाऊन वाचू नये. नाव आठवले नाही तर जागा मोकळी सोडावी, साल नक्की नसेल तर कडेला खूण करावी, पण लेखणी थांबवू नये. घंटा वाजली की अर्धे वाक्य असले तरी लेखणी खाली ठेवावी. अर्धे राहिलेले वाक्य पुढच्या बैठकीत हात धरून पुढे नेते. पाच मिनिटे पाय मोकळे करून दुसरी घटिका घ्यावी. दोन घटिका आणि मधला विसावा मिळून त्रेपन्न मिनिटे होतात. त्यानंतर चहा, आणि ज्याला वाटेल त्याने एखादा परिच्छेद वाचून दाखवावा. वाचण्याची सक्ती नसावी. ऐकणाऱ्यांनी शुद्धलेखन काढू नये आणि उपदेशही करू नये. एखाद्याने “त्या वेळी तुमच्या दुकानासमोर कडुलिंब होता ना?” असे विचारले, तर तेवढे पुरे असते. एकाच्या आठवणीने दुसऱ्याची आठवण जागी होते, हा एकत्र बसण्याचा मोठाच लाभ आहे.

शेवटी प्रत्येकाने वहीच्या अखेरच्या पानावर तारीख आणि त्या दिवशीचे शब्द किंवा पाने नोंदवावीत. ही नोंद दुसऱ्यांशी स्पर्धा करण्यासाठी नाही. मागील शिल्लक दिसत राहिली की पुढे भर घालण्याची इच्छा टिकते, हे बचत खात्याचे पासबुक पाहणारा प्रत्येक जण जाणतो.

ज्यांचा हात कापतो किंवा दृष्टी मंदावली आहे, त्यांनी सांगावे आणि नातवंडाने लिहून घ्यावे. धुळ्याच्या तुरुंगात सांगणारे आणि लिहिणारे वेगळेच होते. मोबाइलवर बोललेले मराठी आता देवनागरीत उमटते, त्याचाही उपयोग करावा; पण समोर माणूस असला तर तो “मग पुढे काय झाले?” असे विचारतो, तसे यंत्र मनापासून विचारीत नाही. महिलांच्या बैठका दुपारी तीनच्या सुमारास सोयीच्या पडतात. घरातील सुना आणि सासवा एकाच बैठकीत न बसता निरनिराळ्या बैठकींत बसल्या, तर दोघीही अधिक मोकळेपणाने लिहितात, असे दिसते!

काही रास्त शंका

पहिली शंका अशी की, प्रतिभा घड्याळाच्या काट्यावर चालते काय? कवितेविषयी कवींनीच बोलावे. आपण येथे आठवणी, व्यक्तिचित्रे, प्रवासवर्णने, लहान लेख यांविषयी बोलत आहोत. वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज वेळेवरच लिहिला जातो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक दिवाळीची मुदत सांभाळीत आले आहेत, आणि त्या मुदतीने मराठीचे काही नुकसान झाले नाही.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. असे घाईने लिहिलेले चांगले असते काय? बहुधा नसते. तो कच्चा माल असतो. त्यात पुनरुक्ती असते, सन-सनावळ्यांचे घोटाळे असतात, एखाद्या नातलगाविषयी उणेअधिक उतरलेले असते. बँकेत एक जुना नियम आहे: नोंद करणारा आणि ती तपासून मंजूर करणारा, ही माणसे वेगळी असावीत. लेखनात आपणच दोन्ही असतो, म्हणून निदान दिवस तरी वेगळे ठेवावेत. लिहिण्याच्या बैठकीत तपासणी नको. महिन्यातून एक बैठक फक्त तपासणीसाठी ठेवावी. त्या दिवशी जुन्या वह्या, लग्नपत्रिका, खरेदीखते, शाळेचे दाखले समोर घ्यावेत आणि तारखा पडताळाव्यात. ज्या मजकुराने जिवंत माणसाचे मन दुखावेल, तो छापण्यापूर्वी दहादा विचार करावा. सत्य सांगतानाही वाणीचा संयम सुटू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे.

तिसरी शंका: हे वाचणार कोण? नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, आपले मराठी हस्ताक्षर त्यांना लागत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण आज ज्यांना आपल्या पणजोबांच्या मोडी वा महाजनी लिपीतील वह्या लागत नाहीत, तेच आज जाणकार शोधून त्या वाचवून घेतात. वाचणारा चाळीस वर्षांनी जन्मलेला असू शकतो. त्याला भाषांतराचे साधन मिळेल, लिपीचे साधन मिळेल. मूळ मजकूरच नसेल तर मात्र त्याला काहीही मिळणार नाही.

एक व्यवहार्य विनंती

वाचकहो, दिवाळीला आपल्या पेढ्यांवर वहीपूजन होते. हिशेब संगणकावर गेले तरी एक कोरी वही आपण आणतोच, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि नव्या वीर निर्वाण संवतातील पहिली नोंद करतो. येत्या दिवाळीत त्या वहीशेजारी दुसरीही एक कोरी वही ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हातून तिच्यात एक प्रसंग लिहून घ्यावा. त्यांचा हात चालत नसेल तर त्यांनी सांगावा आणि धाकट्याने उतरवून घ्यावा.

दिवाळीची गडबड ओसरली की परिसरातील चार समवयस्कांना निरोप धाडावा. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर, जेथे जेथे आपली घरे आहेत तेथे मंदिराच्या वा स्थानकाच्या सभागृहात आठवड्यातून एक तास सहज मिळू शकेल. तेथे सतरंजी अंथरावी, घड्याळ लावावे आणि दोन घटिका लिहावे. वर्षभरात प्रत्येकाने पंचवीस प्रसंग लिहिले, तरी एका गावातील पाच जणांचे सव्वाशे प्रसंग होतील. त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून, साधी बांधणी करून, एक प्रत घरी आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी. छपाईचा विचार त्यानंतर सावकाश करता येईल.